काळी पाच ते काळी एक : जुन्या कॅसेटी उतरवून देणाऱ्या एका सेवेविषयी

पुण्यात शनिवार पेठेत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणारे एक गृहस्थ आहेत. ते एकट्यानेच काम करतात आणि आधीच तीन महिन्यांची रांग असल्यामुळे आपले नाव कोठे छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. ती पाळूनच हे परीक्षण लिहीत आहे. मी त्यांच्याकडे तीन कॅसेटी दिल्या होत्या : एक आजीच्या ओव्यांची, एक आत्याच्या लग्नातली आणि एक माझ्या स्वतःच्या लहानपणीच्या गाण्याची. पहिल्या दोन उत्तम उतरल्या, त्यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. तिसरीने मात्र मला महिनाभर अस्वस्थ ठेवले.

आधी कामाविषयी सांगतो. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली ही वस्तू दिसायला साधी असली, तरी साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सुमारे ८६ मीटर फीत फिरते, आणि तीही सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर अशा संथ गतीने. माझ्या कॅसेटमधली फीत दाबून धरणारी नमद्याची गादी सुटून आत पडली होती आणि पुण्याच्या पावसाळ्यांनी कडेला पांढरी बुरशी धरली होती. त्यांनी कवचाचे पाच स्क्रू काढले, बुरशी पुसली, फीत नव्या कवचात घातली, ती दोन्ही बाजूंनी एकदा पूर्ण गुंडाळून सैल केली आणि मगच वाजवायला घेतली. वाजवतानाही हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन कानाने ऐकून जुळवला, कारण घरच्या टेपरेकॉर्डरचा कोन आणि त्यांच्या यंत्राचा कोन एकच असेल याची खात्री नसते आणि तो चुकला तर आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. फाईल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची मिळते. एका तासाला सुमारे दोन जीबी जागा लागते, म्हणून सोबत ऐकण्यापुरती लहान एमपी३ प्रतही देतात. कॅसेटमागे ४५० रुपये मला रास्त वाटले.

आता त्या तिसऱ्या कॅसेटविषयी. १९८८ साली मी बारा वर्षांचा होतो, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका प्रथम नुकतीच दिली होती आणि घरी पाहुणे आले की काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, भूप राग गाऊन दाखवत असे. वडिलांनी ते टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, भरून ठेवले होते. दोन वर्षांनी माझा आवाज गेला, असे घरात म्हणत. सगळेच मुलगे त्यातून जातात : स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली येतो. मुलींचाही आवाज तीनएक अर्धस्वरांनी उतरतो, परंतु माझ्या बहिणीचा आवाज ‘गेला’ असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. मी पुढे खालच्या काळी एकमध्ये गाऊ लागलो, नंतर गाणे सोडले, आणि मोठे होण्याच्या व्यवहारात आपल्याला एक मौल्यवान वस्तू देऊन टाकावी लागली, ही समजूत मी जवळजवळ चाळीस वर्षे बाळगली. त्या समजुतीचा एकमेव पुरावा म्हणजे ही कॅसेट.

कॅसेट दिल्यानंतर आठवड्याभराने त्या गृहस्थांचा फोन आला. “भूप संपतो आणि अभंग सुरू होतो तिथे पेटीची पट्टी अर्ध्या स्वराने उतरते. घरात पेटी एकच होती ना?” एकच होती, आणि अजूनही आहे. मधल्या जागेत कोणी काही बोलते का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी तो तुकडा पाठवला. त्यात माझी आई म्हणते, “लाइट आले बघ.” त्यावरून सगळा उलगडा झाला. भूप वीज गेलेली असताना सेलवर भरलेला होता. सेल उतरलेले असले की फीत मंद फिरते, आणि अशी मंद भरलेली फीत पुढे योग्य गतीने वाजवली की गाणे जलद होते आणि स्वर चढतो. त्यांच्या सांगण्यावरून मी पेटीची काळी पाच दाबून तिचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर पाठवले. पेटीचे स्वरही इतक्या वर्षांत थोडे हलतात, तेव्हा ही दुरुस्ती मोजमापाची नव्हे, अंदाजाची, हेही त्यांनी आपणहून सांगितले. दुरुस्तीनंतर पाच मिनिटांचा भूप अठरा सेकंदांनी लांबला आणि अर्धा स्वर खाली आला.

ज्या मुलाचा मी शोक करीत होतो, तो त्या दुरुस्त फाईलमध्ये नाही. तिथे एक बऱ्यापैकी गाणारा, ‘ग’वर किंचित कमी पडणारा, ताना मोजून घेणारा मुलगा आहे. चपळाई आणि ती काचेसारखी धार बरीचशी उतरलेल्या सेलची होती. मला हे ऐकून हसू आले नाही, वाईटच वाटले. हरवलेली वस्तू खोटी निघाल्याचे दुःख ती हरवल्याच्या दुःखापेक्षा वेगळे असते आणि ते कोणाला सांगावे हेही कळत नाही. शिवाय आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येत असल्यामुळे तो इतरांना जसा ऐकू येतो तसा आपण एरवी कधी ऐकतच नाही. म्हणजे बाराव्या वर्षीचा माझा आवाज माझ्याकडे कधी नव्हताच. तो होता वडिलांकडे, आणि आता ते नाहीत. गेले असेल तर ते ऐकणे गेले आहे.

मराठीत या घटनेला आवाज जाणे म्हणत नाहीत, कंठ फुटणे म्हणतात, आणि हाच शब्द पोपटाला बोली येते तेव्हाही वापरतात. आमच्या घरात तो शब्द का वापरला गेला नाही, याचे कारण मला वाटते हौशी संगीतप्रेमी घरांच्या एका जुन्या वेडात आहे. १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व बालवयातच तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गायकी जशीच्या तशी म्हणून दाखवीत, ही कथा त्या घरांत पुराणासारखी सांगितली जाई. त्यापुढची कथा मात्र कमी सांगितली जाई : मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकताना ती नक्कल मागे पडली, पुढे क्षयरोगाने त्यांना देवासला अनेक वर्षे गाण्यावाचून काढावी लागली, आणि त्यानंतर जे गाणे आले ते कोणाचीच नक्कल नव्हते. माझी तुलना अर्थातच तिथपर्यंत पोहोचत नाही. मी गाणे आवाजामुळे सोडले नाही, आळसामुळे सोडले, हे या परीक्षणाच्या निमित्ताने एकदा लिहून टाकतो.

आता सेवेतली उणीव. बी बाजूच्या शेवटी १९९० चे दीडएक मिनिटाचे ध्वनिमुद्रण होते : मी वरचा षड्ज लावायला जातो, आवाज फाटतो, बहीण खदखदून हसते, मीही हसतो आणि कोणीतरी खटकन बटण दाबते. मला मिळालेल्या फाईलमध्ये हे नव्हते. कोऱ्या फितीसोबत बिघडलेला भाग म्हणून ते न विचारता कापले गेले होते. चौकशी केल्यावर त्यांनी लगेच चूक मान्य केली, मूळ न कापलेली फाईल त्यांच्याकडे होतीच, ती दुसऱ्या दिवशी विनामूल्य मिळाली. तरीही काय ठेवायचे आणि काय गाळायचे हा निर्णय कारागिराचा नव्हे, हे त्यांच्या अर्जावर स्पष्ट असायला हवे. एखाद्याने विचारलेच नसते तर तो तुकडा कायमचा गेला असता, कारण मूळ फाईल ते सहा महिनेच सांभाळतात. कॅसेट देतानाच ‘काहीही कापू नये’ असे लिहून द्यावे आणि गतीची दुरुस्ती केली असल्यास दुरुस्तीपूर्वीची प्रतही मागून घ्यावी.

मी दोन्ही प्रती घेतल्या आहेत. चढलेल्या आवाजाचा भूप ऐकायचा मोह अजून होतो, आणि एकदोनदा ऐकलाही. बहिणीला सगळ्या फाईल पाठवल्या होत्या. तिने ओव्या आणि आत्याचे लग्न ठेवून घेतले, भूपाची कोणतीच प्रत उघडली नाही, आणि ते शेवटचे दीड मिनिट मात्र आपल्या मुलांना तीनदा ऐकवल्याचे तिने कळवले.