एमजीबीला पाच गिअर: नऊ महिने आणि साडेसहा हजार किलोमीटरनंतर

माझी गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्सकार. मूळ चार गिअरची, ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडणी) नसलेली. तिला मी माझदाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. हे ओव्हरड्राइव्हचं आधीच सांगतो, कारण माझा सगळा निर्णय त्यावर अवलंबून होता. या गाड्यांना लेकॉक कंपनीचं ओव्हरड्राइव्ह मिळायचं. नंतरच्या प्रकारात त्याचं गुणोत्तर (चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) ०.८२ आहे आणि मी बसवलेल्या माझदा एमएक्स-५ च्या गिअरबॉक्सचा पाचवा गिअर ०.८१४ आहे. म्हणजे हायवेवर दोन्ही सारखेच. तुमच्या गाडीत ओव्हरड्राइव्ह असेल आणि ते नीट चालत असेल, तर या कामात पडू नका, असंच मी सांगेन.

माझ्याकडे ते नव्हतं. ३.९१च्या डिफ्रेंशियलवर (मागच्या चाकांना फिरवणारा शेवटचा गिअर) चौथ्या गिअरमध्ये १०० च्या वेगाला इंजिन साडेतीन हजार आरपीएमच्या जवळ फिरायचं. एमजीबीचं बी-सिरीज इंजिन दणकट आहे, त्याला काही होत नाही. पण दोन तास तो आवाज ऐकून उतरलं की कान बधिर व्हायचे. आता त्याच वेगाला काटा २८०० च्या आसपास असतो. शेजारी बसलेल्याशी साध्या आवाजात बोलता येतं, तेही टप उघडा असताना. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ हेच.

फोर्डचा टाइप ९ गिअरबॉक्स हा दुसरा पर्याय होता. त्याचा पहिला गिअर ३.६५, म्हणजे एमजीबीच्या डिफ्रेंशियलवर गाडी जेमतेम हलते न हलते तोच दुसरा टाकावा लागणार. माझदाचा पहिला ३.१४ आहे, माझ्या जुन्या ३.४४ पेक्षाही लांब, म्हणजे इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना गाडी जास्त वेगाने नेणारा. सपाट रस्त्यावर हे छान वाटतं. चढावर गाडी उचलताना मात्र क्लच थोडा जास्त वेळ अर्धा धरावा लागतो, आणि उभ्या चढावर जुना पहिला गिअर आठवतो. दुसरा-तिसरा मूळच्यापेक्षा लांब असले तरी इंजिनाला खालच्या आरपीएमला चांगली ओढ असल्यामुळे अडत नाही.

आता बसवण्याबद्दल. गिअरबॉक्स आत जाणं ही सोपी गोष्ट. एमजीबीचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, तेव्हा एक दिवस त्यातच जातो. खरी परीक्षा नंतर. माझ्या किटमध्ये खास ओतलेलं अ‍ॅल्युमिनियमचं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) होतं. पुरवठादार म्हणाला, "थेट बसतं." मी फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं यंत्र) लावून बेलहाउसिंगचं मधलं भोक तपासलं, तर पूर्ण फेऱ्यात ०.४० मिमीचा फरक. हा फरक पाव मिलिमीटरच्या आत हवा. तसंच जोडलं असतं तर इनपुट शाफ्ट कायम वाकडा ओढला जाऊन बेअरिंग गेलं असतं, गिअर निसटू लागले असते आणि दोष माझदाच्या गिअरबॉक्सच्या माथी गेला असता. ऑफसेट डॉवेल (मध्य किंचित सरकवणाऱ्या पिना) लावून, चार वेळा खोलून-जोडून तो ०.१० वर आणला. या कामाचा एवढा एकच भाग नीट करायचा असेल, तर हा करा. इंजिन परत बाहेर काढण्यापेक्षा एक दिवस डायल गेजसमोर बसणं परवडतं.

मागच्या आधाराचाही प्रश्न आला. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि डिफ्रेंशियल एका लांब चौकटीने जोडलेले असतात, त्यामुळे या गिअरबॉक्सला शेपटीखाली नेहमीचं माउंटिंगच नसतं. गाडीच्या मूळ क्रॉसमेंबरवर (आडव्या पट्टीवर) बसेल असा कंस किटमध्ये होता. टनेलचा (गिअरबॉक्सवरच्या फुगवट्याचा) पत्रा मी एका जागी किंचित ठोकला, कापला कुठेच नाही. क्लचप्लेट माझदाच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला (खाचांना) जुळणारी लागते, क्रँकच्या टोकातला पितळी बुशही बदलावा लागतो.

पहिल्या महिन्यात रिव्हर्स टाकताना करकर व्हायची. मी सिंक्रोला (गिअरचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना), तेलाला दोष देत बसलो. खरं तर क्लच पूर्ण सुटतच नव्हता. क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरच्या पाइपात हवा राहिली होती. पुन्हा हवा काढल्यावर आवाज गेला.

दुसरा त्रास जास्त चिवट होता. ८५ ते ९५ च्या दरम्यान सीटखाली थरथर. चौथ्यातही तीच, पाचव्यातही तीच, त्याच वेगाला. त्यावरून कळलं की दोष इंजिनाकडे किंवा क्लचकडे नाही, त्यांचा असता तर थरथर आरपीएमबरोबर सरकली असती. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफ्रेंशियलकडे जाणारा दांडा) नव्या लांबीचा करून बॅलन्सही केलेला होता. मग त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉस जॉइंटचे कोन मोजले. ते एकमेकांएवढे आणि उलट दिशेचे असायला हवेत, माझ्याकडे पावणेदोन अंशांचा फरक निघाला. मागच्या माउंटिंगखाली ६ मिमीची पट्टी टाकली आणि थरथर गेली.

गिअर टाकण्याचं सुख वेगळंच आहे. लिव्हरची हालचाल आखूड, मनगटाने होणारी. गाळ्यात गिअर पडल्याचं बोटांना स्पष्ट कळतं. पहाटे गाडी थंड असताना दुसरा गिअर दोन-तीन किलोमीटर अडून पडायचा. जीएल-४ प्रतीचं ७५डब्ल्यू-९० गिअर तेल घातल्यावर ते बरंच कमी झालं. मूळ गिअरबॉक्समध्ये इंजिनचंच २०डब्ल्यू-५० तेल चालायचं, त्यामुळे सवयीने तेच ओतू नका. रिव्हर्स आता पाचव्याच्या खाली आहे. पाचव्यातून घाईत चौथा टाकताना हात तिकडे जाऊ नये म्हणून मी लिव्हर हलकी धरून स्प्रिंगला मध्ये येऊ देतो.

स्पीडोमीटरचं अजून जमलेलं नाही. केबल बसली, पण काटा खऱ्या वेगापेक्षा साधारण दहा टक्के जास्त दाखवतो. डायलवर बारीक अक्षरांत केबलचे मैलामागचे फेरे छापलेले असतात, त्या आकड्याशी जुळेल असा छोटा गिअर-कन्व्हर्टर करून घ्यायचा आहे. शीर्षकातले किलोमीटर म्हणून मी फोनच्या जीपीएसवरून लिहिले.

शेपटीच्या ऑइल सीलपाशी ओल दिसते, थेंब पडत नाही. दर महिन्याला गाडी वर घेऊन बघतो. जुना गिअरबॉक्स तेल भरून, तोंडं बंद करून ठेवला आहे. गाडीत कुठेही कापाकापी केलेली नाही, त्यामुळे तो कधीही परत बसू शकतो.