शाळेतलं लेकरू गेल्यावर बोलावलेली समुपदेशन सेवा : केज-धारूर भागातल्या एका शिक्षिकेचा अभिप्राय

विद्यार्थ्याने आत्महत्या केल्यावर शाळेत येऊन काम करणारी एक खासगी समुपदेशन सेवा आम्ही बोलावली होती. जिल्ह्याच्या गावी दोघं मिळून ती चालवतात, एक ताई आणि एक सर. सेवेचं नाव देत नाही, कारण पुढे त्यांच्या उणिवाही लिहिल्या आहेत. गेलेल्या मुलाची ओळख पटेल असंही काही लिहीत नाही. पाचपैकी चार तारे. ज्या मुख्याध्यापकांवर अशी वेळ येईल त्यांनी श्रद्धांजलीची सभा ठरवायच्या आधी अशा माणसांना फोन करावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमच्या भागातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, जावंच लागतं. लेकरं आजीआजोबांजवळ राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. तो दहावीचा मुलगा गेला तेव्हा त्याचे आईवडील उसाच्या फडावर होते आणि त्याच्या बहुतेक मित्रांचेही.

पहिल्या दोन दिवसांत जे झालं ते कुठल्याही गावात होईल तसंच झालं. चौकात मोठा फ्लेक्स लागला. प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याच्या फोटोचं स्टेटस, खाली गाणं. पारावर कारणांची चर्चा: मार्क, मोबाइल, घरची उचल, कुणाशी तरी भांडण. संस्थेच्या ओळखीतून एक प्रेरणादायी वक्ते आले. त्यांनी सगळी शाळा मैदानावर बसवून माईकवर तासभर भाषण केलं. जिद्द, संकटं, ‘भेकड लोक पळून जातात’ वगैरे. मागच्या रांगेत त्याचे मित्र खाली माना घालून बसले होते. आपला दोस्त भेकड होता असं अख्ख्या शाळेसमोर ऐकायला लागलं त्यांना. मला ते सहन झालं नाही. त्याच संध्याकाळी आम्ही शिक्षकांनी आपसात वर्गणी काढली आणि या दोघांना बोलावलं.

आले ते थेट मुलांकडे गेले नाहीत. आधी स्टाफरूममध्ये बसले आणि दार लावून घेतलं. ताईंचा पहिला प्रश्न, ‘घरच्यांशी कोण बोललंय? मुलांना काय सांगायचं याला त्यांची संमती आहे का?’ कोणीच बोललेलं नव्हतं. मुख्याध्यापक आणि ताई त्याच्या घरी जाऊन चुलत्याला आणि वडिलांना भेटून आले. ‘खोटं काही सांगू नका, पण कसं झालं ते बोलू नका,’ एवढंच वडील म्हणाले. मग सगळ्यांनी मिळून पाच-सहा ओळी लिहिल्या. शाळेतला एक विद्यार्थी वारला, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. असं घडण्यामागे एकच एक कारण नसतं, बऱ्याच गोष्टी आणि बऱ्याच वेळा न दिसणारं आजारपण एकत्र आलेलं असतं. यात कुणा मित्राचा, शिक्षकाचा, घरच्यांचा दोष शोधायचा नाही. वाईट वाटेल, राग येईल, काहीच वाटणार नाही, यातलं काहीही चुकीचं नाही. बोलावंसं वाटलं तर अमुक खोलीत अमुक माणूस आहे. हा कागद दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला प्रत्येक वर्गशिक्षकाने आपापल्या वर्गात वाचला. माईक नाही, मैदान नाही. पाचवीला तो जरा सोपा करून सांगितला.

आमचा विचार शाळा आठवडाभर बंद ठेवायचा होता, मान राखावा म्हणून. सरांनी विचारलं, ‘पोरं घरी गेल्यावर घरी कोण असतं?’ कुणाच्या घरी आजी, कुणाच्या घरी नुसतं कुलूप. मग शाळा सुरू ठेवली. सराव परीक्षा पुढे ढकलली, बाकी तास नेहमीसारखे. शहरातल्या शाळेला दुसरं काही सोयीचं ठरेल, पण कोयत्याच्या गावात बंद शाळा म्हणजे एकटं लेकरू. हे मला त्या एका प्रश्नामुळे कळलं.

सगळ्यात मोलाचं काम प्रयोगशाळेत झालं. त्याच्या जवळच्या सात-आठ पोरांना ताईंनी तिथं गोल बसवलं, मलाही थांबायला सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि त्यांनीही बोलायची घाई केली नाही. शेवटी एक जण जमिनीकडं बघत म्हणाला, ‘त्यानं मला हाक मारल्ती त्या दिवशी. म्या थांबलो न्हाई. मॅच होती आमची.’ ताईंनी ‘असं मनात आणू नको’ म्हणून त्याला गप्प केलं नाही. म्हणाल्या, ‘हे तू किती वेळा आठवलंस?’ मग तो बोलत राहिला, रडला, बाकीचे रडले. कोणाच्या मनात काय काय होतं ते बाहेर आलं. एकाशी त्याचा अबोला होता, एकाने त्याचे पैसे द्यायचे होते. ताई म्हणाल्या, तू थांबला असतास तर त्या दिवशी काय झालं असतं हे कोणालाच सांगता येणार नाही, पण मॅचला गेल्यामुळं कोणी मरत नाही.

नंतर त्यांनी प्रत्येकाला वेगळं घेतलं आणि सरळ विचारलं, ‘तुझ्या मनात मरायचा विचार येतो का?’ माझ्या पोटात गोळा आला. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असं आपल्याकडं सगळ्यांनाच वाटतं. पण विचारल्यामुळे विचार पेरला जात नाही, उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला सांगायला वाट मिळते, हे आता अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. आमच्याकडं तेच झालं. एका पोरानं मान हलवली. ज्याच्याबद्दल कोणालाच शंका नव्हती असा, हसरा, कबड्डीतला. त्या रात्री त्याला एकटं झोपू द्यायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायचं, हे त्याच्या आजोबांना सरांनी समजावलं. दुसऱ्या दिवशी आजोबा त्याला अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेले. उपचार चालू आहेत. तो पोरगा दहावीला बसला. या एका गोष्टीसाठी आमची सगळी वर्गणी वसूल झाली असं मी म्हणेन.

एका लेकराच्या जाण्यानंतर जवळच्यांना आणि आधीच खचलेल्यांना धोका वाढतो. वयाने लहान असतील तर जास्तच. म्हणून ताई फ्लेक्सच्या मागे लागल्या. आमच्याकडं फ्लेक्स लावणं ही माया असते, तो उतरवा म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्या चौकातल्या पोरांशी अर्धा तास उभ्याने बोलल्या. एखादं लेकरू जिवंतपणी कोणाच्या लेखी नसेल, आणि त्याला दिसलं की गेल्यावर चौकात एवढा मोठा फोटो लागतो, तर त्याच्या मनात काय येईल, एवढंच त्यांनी विचारलं. चुलत्यानेही होकार दिला. फ्लेक्स उतरला. स्टेटसही एकेकाने काढले.

बाकाचं आणि हजेरीचं कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. पोरं त्याच्या बाकावर रोज झेंडू ठेवायची. ताईंनी सांगितलं, लगेच उचलू नका, पण त्याचं देवघरही होऊ देऊ नका. काही दिवसांनी वर्गाला आधी सांगून, पोरांनाच हाताशी घेऊन, सगळ्या बाकांची जागा बदलली. कॅटलॉगात नाव लाल शाईने कमी करतात. ते वर्गात, पोरांसमोर करायचं नाही, आणि उद्यापासून हे नाव पुकारलं जाणार नाही हे वर्गशिक्षकाने आदल्या दिवशी सांगायचं. सांगितलं तरीही पहिल्या दिवशी त्या नंबराशी सगळा वर्ग अडकला. पण कोणी दचकलं नाही.

जाताना त्यांनी एका कागदावर पुढच्या तारखा लिहून दिल्या: त्याचा वाढदिवस, निरोप समारंभ, हॉल तिकीट, बोर्डाचा पहिला पेपर, निकाल. या दिवसांची आधी तयारी ठेवा म्हणाल्या. हॉल तिकिटाचं आम्हाला सुचलंच नसतं. परीक्षेचे फॉर्म आधीच गेलेले, त्यामुळे छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाची तिकिटं डाउनलोड झाली तेव्हा त्याचंही आलं. क्लार्कने ते गठ्ठ्यातून आधीच बाजूला काढून मुख्याध्यापकांकडे दिलं. फाडायचं की ठेवायचं हे आपण ठरवायचं नाही, घरच्यांना विचारायचं, असं कागदावर लिहिलेलं होतं. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, ‘ठिवा सर, म्या येऊन नेतो. फोटो हाय त्याच्यावर.’

आता उणिवा. फोन केल्यावर त्यांना यायला वेळ लागला. सुरुवातीचे दिवस सगळ्यात गोंधळाचे असतात, तेव्हा फोनवरून तरी कोणीतरी दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. फ्लेक्स लावू नका, भाषण ठेवू नका, एवढ्या दोन वाक्यांनी बरंच वाचलं असतं. त्यांनी वाटलेली छापील पुस्तिका आमच्या कामाची नव्हती. ‘आपल्या भावनांना अवकाश द्या’ असली वाक्यं आणि उंच इमारतीतल्या घराची चित्रं. ताई स्वतः इतकं सरळ बोलतात, मग कागदावर असं कशाला? पालकसभा सकाळी अकराला ठेवली. त्या वेळी आज्या कापूस वेचायला गेलेल्या, आलं कोण? चार माणसं. ही सभा संध्याकाळी, दिवाबत्तीनंतर, मंदिरासमोर घ्यायला हवी होती. फडावरच्या आईबापांसाठी तर त्यांच्याकडं काहीच ठरलेलं नव्हतं. ते आम्हीच केलं. रात्री आठनंतर खोपीवर आलेल्या माणसाला फोन लावायचा, लेकरू कसं आहे सांगायचं, रोज एकदा त्याच्याशी बोला म्हणायचं. मुकादमांच्या मोबाइलवरूनही निरोप दिले. त्यांनी हे आपल्या कामात घ्यावं, बीड जिल्ह्यात काम करताना याशिवाय भागत नाही.

आणि शिक्षकांसाठी त्यांनी फार थोडा वेळ दिला. गेलेल्या मुलाचे वर्गशिक्षक कितीतरी दिवस नीट जेवत नव्हते. त्यांना कोणी विचारायचं?

पुन्हा येण्याचे पैसे वेगळे, प्रवासखर्च वेगळा. रक्कम वाजवी आहे, पण ते आधी सांगितलं नव्हतं. आमच्यासारख्या शाळेला ते वर्गणीतूनच भागवावं लागतं, आणि खरं म्हणजे ते शिक्षकांच्या खिशातून भागवायची गोष्टच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, आशाताई घरोघर फिरल्या. त्याच घरातल्या दहावीच्या लेकराकडंही तसंच कोणीतरी जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना ही किंवा अशी सेवा परवडत नाही, किंवा माणूस पोचायला वेळ आहे, त्यांनी १४४१६ लावावा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आम्ही हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात प्रत्येक वर्गात लिहिला आहे, मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराआड सुद्धा, कारण चारचौघांत नंबर उतरवून घ्यायला पोरं लाजतात. आजीआजोबांच्या साध्या मोबाइलमध्ये तो पोरांनीच सेव्ह करून दिला.

सेवा बोलावताना आधी चार गोष्टी विचारून घ्या. किती तासांत येणार, तोपर्यंत फोनवर कोण, परत कधी येणार, आणि ज्याच्या मनात मरणाचे विचार आहेत असं लेकरू सापडलं तर त्याला कोणत्या डॉक्टरकडं पाठवणार. शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडं उत्तर नाही त्याला बोलावू नका. आणि जो माईक मागेल त्यालाही नाही.