गॅलापागोस: शंभर जणांचं जहाज की सोळा जणांची बोट?

इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांपैकी फर्नांडिना बघायचंच असं ठरलं असेल, तर बोटीवर मुक्काम करण्यावाचून गत्यंतर नाही. सांताक्रूझ बेटावरच्या पुएर्तो आयोरा गावात हॉटेल घेऊन केलेल्या दिवसाच्या सहली तिथवर जात नाहीत. मग प्रश्न उरतो बोटीच्या आकाराचा. मी दोन्ही प्रकारे फिरलो आहे.

मोठ्या जहाजाची बाजू लंगडी नाही. जून ते नोव्हेंबर समुद्र जास्त खवळलेला असतो, आणि रात्रीच्या लांब पल्ल्यात लहान बोट चांगलीच हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी मोठं जहाज घ्यावं, यात मला शंका नाही. जमिनीवर तर फरक जाणवतच नाही. एका गाइडमागे सोळा माणसं, हा नियम दोघांनाही सारखाच.

माझा कौल ठरला तो पाण्यात. मोठ्या जहाजावरून स्नॉर्केलिंगला गटागटाने सोडतात. वेटसूट चढवून पाळीची वाट बघायची, आणि मागच्यांना जागा हवी म्हणून ठरल्या वेळी पांग्यात, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या होडीत, परत चढायचं. इसाबेला बेटाच्या पुंता विसेंते रोकापाशी एक हिरवं कासव माझ्या शेजारीच शेवाळ खात होतं. त्याला कसलीच घाई नव्हती. तेवढ्यात वर बोलावणं आलं. पुढच्या गटाची वेळ झाली होती.

हे मला फार लागलं. इथले प्राणी माणसाला बुजत नाहीत. दोन मीटरचं अंतर आपण राखायचं, जवळ यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. सागरी इग्वाना हा मोठा सरडा तळाशी जाऊन खडकावरचं शेवाळ खरवडतो, न उडणारा पाणकावळा मासा धरायला बुडी मारतो. हे बघायचं तर एका जागी तरंगत थांबावं लागतं. लहान बोटीवरही वेळापत्रक असतंच, पण सगळे एकदमच उतरतात, त्यामुळे गाइडला थोडी ढील देता येते. फर्नांडिनाला आमच्या गाइडने ती दिली, आणि इग्वाना मनसोक्त बघायला मिळाला.

सगळ्यांचा अनुभव असाच असेल असं नाही. लहान बोट घेतलीत तर केबिन मधली आणि इंजिनापासून लांबची मागा. कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) मिळाली तर डुलणंही कमी. अल्बट्रॉस हे समुद्रपक्षी बघायचे असतील तर मात्र एप्रिल ते डिसेंबरात एस्पान्योला बेटाचा मार्ग आधी पक्का करा, बोट नंतर.