‘विमानाचे तिकीट आमचे, हॉटेलचे पैसे तेवढे तुम्ही भरा’: गृहअर्थशास्त्राच्या एका बनावट जागतिक परिषदेचा अनुभव

गृहविज्ञान, म्हणजेच गृहअर्थशास्त्र, शिकवणाऱ्या, त्यात संशोधन करणाऱ्या आणि परदेशातील एखाद्या परिषदेत शोधनिबंध वाचण्याचा विचार करणाऱ्या प्राध्यापकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. गेल्या वर्षी अशाच एका परिषदेच्या नावाखाली माझ्याकडून सुमारे नव्वद हजार रुपये उकळण्यात आले. ती परिषद मुळात भरणारच नव्हती. तिचे संकेतस्थळ, स्वीकृतिपत्र, कार्यक्रमपत्रिका आणि हॉटेलच्या आरक्षणाची पावती मात्र इतकी बिनचूक होती की, आमच्या क्षेत्राचे कामकाज जवळून पाहिलेल्या कोणीतरी हे सगळे बेतले असावे, अशी माझी आजही समजूत आहे.

फसवणूक नेमकी कोणत्या फटीतून आत आली, हे समजण्यासाठी आधी खऱ्या परिषदेविषयी थोडे सांगायला हवे. आंतरराष्ट्रीय गृहअर्थशास्त्र महासंघाची स्थापना 1908 मध्ये स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग येथे झाली आणि त्याचे मुख्य कार्यालय जर्मनीतील बॉन शहरात आहे. या महासंघाची जागतिक परिषद दर चार वर्षांनी भरते. 2012 मध्ये ती मेलबर्नला आणि 2016 मध्ये दक्षिण कोरियातील देजॉनला झाली. 2020 ची परिषद अटलांटा येथे व्हायची होती, पण कोरोनामुळे ती 2022 पर्यंत पुढे गेली. त्यानंतरची मात्र ठरल्या वर्षीच, म्हणजे 2024 मध्ये, आयर्लंडमधील गॉलवे येथे झाली. त्यामुळे शेवटच्या दोन परिषदांमध्ये दोनच वर्षांचे अंतर राहिले. फसवणाऱ्यांनी ‘जागतिक परिषद 2026, लिस्बन’ असे जाहीर केले, तेव्हा ज्यांना 2022 आणि 2024 ही दोनच वर्षे आठवत होती त्यांना 2026 हे अगदी ओळीने येणारे वर्ष वाटले. संस्थेचे नाव घेतानाही त्यांनी अशीच हुशारी केली होती. महासंघाच्या नावातील एक शब्द बदललेला आणि एक शब्द जास्तीचा. वाचणाऱ्याला ती महासंघाचीच एखादी शाखा वाटावी, आणि उद्या कोणी हटकले तर आम्ही महासंघाचे नाव वापरलेच नाही, असे म्हणायलाही ते मोकळे.

आमंत्रणाचा ईमेल माझ्या नावाने आला होता. त्यात अंगणवाडीतील मुलांच्या आहारात नाचणीच्या पदार्थांचा समावेश करण्याविषयीच्या माझ्या एका शोधनिबंधाचा उल्लेख होता आणि ‘घरगुती अन्नसुरक्षा व भरडधान्ये’ या सत्रात तोच विषय विस्ताराने मांडावा, अशी विनंती होती. संशोधनपत्रिकेत छापलेल्या प्रत्येक निबंधाखाली पत्रव्यवहारासाठी लेखकाचा ईमेल दिलेला असतो आणि तो तेथून उचलणे अजिबात अवघड नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून या विषयावर आपल्याकडे भरपूर लेखन झाले आहे, त्यामुळे ज्वारी, बाजरी, नाचणीवर लिहिणाऱ्या कितीतरी जणींना ‘तुमच्या कामाने आम्ही प्रभावित झालो आहोत’ असे सांगणारे तेच पत्र गेले असणार.

निबंधाचा सारांश पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी तो स्वीकारल्याचे पत्र आले. खऱ्या परिषदेत सारांश परीक्षकांकडे जातो, त्याला आठवडे लागतात, बऱ्याचदा दुरुस्त्या सुचवल्या जातात आणि कधी कधी तो नाकारलाही जातो. येथे परीक्षकाची एका ओळीचीही टिप्पणी नव्हती. पत्राचे मुख्य आकर्षण पुढच्या परिच्छेदात होते: विकसनशील देशांतील प्रतिनिधींचा विमानप्रवास व व्हिसाचे शुल्क एक प्रायोजक संस्था उचलणार होती आणि प्रतिनिधीने केवळ नोंदणीचे 350 युरो व संयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलमधील निवासाचे 620 युरो आगाऊ भरायचे होते. मोठा खर्च त्यांचा आणि लहान खर्च आपला, अशी ही मांडणी आहे. हा प्रकार जगभर जुना आहे, हे मला नंतर वाचनातून कळले. न्यूयॉर्क आणि सेनेगलमधील डकार अशा दोन शहरांत जोडपरिषद भरणार, दोन्हीकडचे विमानभाडे संयोजक देणार, प्रतिनिधीने फक्त डकारच्या हॉटेलचे पैसे भरायचे, अशी पत्रे कित्येक वर्षे फिरत आहेत. आमच्या वाट्याला आलेल्या पत्रात डकारच्या जागी लिस्बन होते, एवढाच काय तो फरक.

हे आमिष प्राध्यापकांना का भुलवते, याचे कारण आपल्या पदोन्नतीच्या नियमांत आहे आणि ते स्पष्टपणे बोलले जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध सादर केल्यास सात गुण मिळतात, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पाच, राष्ट्रीय परिषदेत तीन आणि राज्य पातळीवर दोन. कोल्हापूर किंवा अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला स्वतःच्या खर्चाने युरोपला जाणे क्वचितच परवडते, प्रवासअनुदान मिळेलच असे नसते आणि मिळाले तरी बहुतेकदा आधी आपले पैसे घालून परत आल्यावर बोर्डिंग पासासकट बिले सादर करावी लागतात. अशा वेळी तिकीट देऊ करणारा संयोजक देवासारखा वाटतो. तिकडे पदवीच्या वर्गात ग्राहक शिक्षणाच्या तासाला ‘फुकट’ या शब्दापासून सावध राहायला शिकवणाऱ्याही आम्हीच, हा त्यातला उपरोध माझ्या सहकारी मॅडमनी मला अजून विसरू दिलेला नाही.

आता पैशांविषयी, कारण सर्वांत महत्त्वाचा पुरावा तेथेच होता. परदेशी पैसे पाठवताना बँकेत ए-2 नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यात रक्कम कशासाठी जात आहे त्याचा संकेतांक, लाभार्थ्याचे नाव, त्याच्या बँकेचा स्विफ्ट कोड (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतील तिची ओळख) आणि युरोपातील खाते असेल तर आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, लिहायचा असतो. या आयबॅनची पहिली दोन अक्षरे खाते कोणत्या देशातील आहे ते सांगतात. पोर्तुगालसाठी ती पीटी असतात, आयर्लंडसाठी आयई, जर्मनीसाठी डीई. आम्हाला मिळालेला क्रमांक एलटी या अक्षरांनी सुरू होत होता, म्हणजे खाते लिथुआनियातील होते. परिषद पोर्तुगालमध्ये, पत्रावरचा पत्ता बेल्जियमचा, खाते लिथुआनियात आणि खातेदाराच्या जागी संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव! बँकेतील अधिकाऱ्याने अर्ज वाचून ‘मॅडम, हे नाव कोणाचे?’ असे विचारले होते. त्यावर संयोजकांना ईमेल केला असता, ‘हे आमच्या कोषाध्यक्षांचे नाव आहे, संस्थेच्या खात्याचे लेखापरीक्षण चालू आहे’ असे उत्तर तासाभरात आले आणि त्याच उत्तरात सवलतीच्या दराची मुदत त्या आठवड्यात संपत असल्याची आठवणही होती. कार्डाने पैसे भरण्याची सोय त्यांच्या संकेतस्थळावर ‘तात्पुरती बंद’ होती. ती का बंद होती, हेही उघड आहे. क्रेडिट कार्डाने भरलेली रक्कम वादग्रस्त ठरवून परत मागण्याची एक ठरलेली पद्धत असते. बँकेतून थेट पाठवलेली रक्कम लाभार्थ्याच्या खात्यात एकदा जमा झाली की त्याच्या संमतीशिवाय ती परत येणे फार कठीण असते.

पैसे मिळाल्याची पावती आली, पण विमानाचे तिकीट काही आले नाही. ‘व्हिसा मिळाल्यावर तिकीट काढू’ असे सांगण्यात आले आणि ते वरकरणी योग्यच होते. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या सामायिक व्हिसाच्या, अर्जाला आमंत्रणपत्र, राहण्याच्या जागेचे आरक्षण, प्रवास विमा आणि महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते. आरक्षणाच्या कागदावर हॉटेलचा शिक्का नसल्याने तो मागवण्यासाठी मी पत्रातला क्रमांक बाजूला ठेवून हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील क्रमांक फिरवला. हॉटेल खरे होते. तेथील कर्मचाऱ्याने माझे नाव दोनदा अक्षर अक्षर करून विचारले, नंतर परिषदेचे नाव विचारले आणि सांगितले की त्या नावाने एकही खोली राखलेली नाही, त्या आठवड्यात त्यांच्या सभागृहात कोणतीही परिषद नाही आणि चौकशी करणारी मी पहिलीच व्यक्ती नाही.

त्यानंतर सगळे कागद पुन्हा समोर घेऊन बसले, तेव्हा एकेक शिवण उसवत गेली. कार्यक्रमपत्रिकेतील सत्रांची नावे एका जुन्या परिषदेच्या पत्रिकेतून जशीच्या तशी उतरवली होती, इतकी की एका जागी जुनी तारीख तशीच राहून गेली होती. बीजभाषण करणार म्हणून ज्या परदेशी प्राध्यापिकेचे छायाचित्र छापले होते, त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर विचारणा केली असता त्यांनी या परिषदेचे नावही ऐकले नसल्याचे कळवले. सभागृहाचे चित्र प्रतिमाशोधात घातल्यावर ते दुसऱ्याच देशातील निघाले. संकेतस्थळाचे नाव केव्हा नोंदवले गेले, हे ‘हू इज’ या सार्वजनिक नोंदीतून कोणालाही पाहता येते. दीर्घ परंपरा सांगणाऱ्या या संस्थेचे संकेतस्थळ काही महिन्यांपूर्वीचेच होते. महासंघाचे खरे संकेतस्थळ आयएफएचई डॉट ओआरजी हे आहे आणि त्यावर लिस्बनचा उल्लेख कोठेच नव्हता.

पैसे मागणे मात्र थांबले नव्हते. हॉटेलशी माझे बोलणे झाल्याचे त्यांना ठाऊक नव्हते, त्यामुळे ‘परत मिळणारी व्हिसा हमी’ म्हणून आणखी 450 युरो भरावेत, असा ईमेल आला. त्याला उत्तर न देता मी बँकेत गेले आणि रक्कम परत बोलावण्याचा लेखी अर्ज दिला. बँकेने स्विफ्टमार्फत संदेश पाठवला. पलीकडच्या बँकेचे उत्तर आले की खात्यात शिल्लक नाही. 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवली व तिचा पावती क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तेथील कर्मचाऱ्यांनी नीट ऐकून घेतले, हे सांगायला हवे. पण 1930 ची खरी ताकद देशातील बँकखाती तातडीने गोठवण्यात आहे. पैसा एकदा परदेशी खात्यात गेला की तो मार्ग लांबचा होतो. असे असले तरी तक्रार नोंदवावीच, कारण अशा टोळ्या पुढे भारतीय खातीही वापरू शकतात आणि त्या वेळी आधीच्या तक्रारी जोडल्या जातात.

काही आठवड्यांनी एका ‘आंतरराष्ट्रीय वसुली संस्थे’चा फोन आला. त्यांना माझी रक्कम आणि परिषदेचे नाव, दोन्ही माहीत होते. थोडे शुल्क आगाऊ भरल्यास पैसे परत मिळवून देऊ, असे ते म्हणत होते. फसलेल्यांच्या याद्या अशाच विकल्या जातात किंवा जुनेच लोक नव्या नावाने फोन करतात. पोलीस आणि बँका पैसे परत करण्यासाठी आगाऊ शुल्क घेत नाहीत.

येथे एक भेद करायला हवा. पैसे घेऊन गायब होणाऱ्या या प्रकाराखेरीज, प्रत्यक्ष भरणाऱ्या पण दर्जा नसलेल्या व्यापारी परिषदांचा एक वेगळा धंदा आहे. तेथे हॉटेलातील एका खोलीत चार असंबद्ध विषयांचे मोजके वक्ते एकमेकांना निबंध वाचून दाखवतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. अशा परिषदा व संशोधनपत्रिका चालवणाऱ्या हैदराबादच्या एका समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा लावला होता आणि 2019 मध्ये तेथील न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला. अशा परिषदांना जाऊन आलेल्यांना आपण फसलो असे वाटत नाही, कारण फाइलमध्ये प्रमाणपत्र असते. माझ्या मते नुकसान तेथेही तितकेच आहे, फक्त ते विद्यापीठाच्या खात्यावर पडते.

माझ्यासारखीच पत्रे आलेल्या दोघीजणी नंतर भेटल्या. एकीने पैसे भरले होते आणि महाविद्यालयात चर्चा नको म्हणून तक्रार केली नव्हती. दुसरीने आमंत्रणात नाव असलेल्या परदेशी विद्यापीठाच्या गृहअर्थशास्त्र विभागाला स्वतंत्रपणे ईमेल करून खात्री केली होती आणि ती वाचली. परिषदेच्या पत्रात दिलेल्या दुव्यांवरून, क्रमांकांवरून चौकशी न करता महासंघाचे संकेतस्थळ, यजमान विद्यापीठ आणि हॉटेल यांना स्वतः शोधून विचारणे, एवढे एक काम पैसे भरण्याआधी केले तर बाकीच्या खुणा तपासण्याची वेळ बहुधा येत नाही. महाविद्यालयांनीही ना हरकत प्रमाणपत्र देताना परिषद खरी असल्याची खात्री करून घेतली पाहिजे. सध्या तेथे रजेचे दिवस तेवढे मोजले जातात.

ज्यांना असे पत्र आले असेल त्यांनी ते काढून टाकू नये आणि नुसता स्क्रीनशॉट घेऊनही थांबू नये. ईमेल कोणत्या सर्व्हरवरून निघाला याची माहिती त्याच्या मूळ हेडरमध्ये असते आणि तपासासाठी तीच उपयोगी पडते; साधे फॉरवर्ड केल्यास ती निघून जाते. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय निवडून तो मजकूर पूर्ण उतरवून घ्यावा, सोबत ए-2 अर्जाची प्रत आणि बँकेने दिलेला स्विफ्ट संदेशाचा कागद जोडावा आणि मग तक्रार करावी. माझ्या तक्रारीत हा हेडर नंतर मागवला गेला, तेव्हा मूळ ईमेल जपून ठेवल्यामुळेच तो देता आला.