ओठावरचा ताप आणि बासरी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी गोव्यात फोंड्याजवळ राहते, बासरी वाजवते आणि शिकवते. भजनं, नाट्यसंगीत, जत्रेतल्या नाटकांना साथ आणि थंडीच्या दिवसांत किनाऱ्यावरची लग्नं, एवढ्यावर माझं भागतं. ओठावर ताप फुटण्याची, म्हणजे पुटकुळ्या उठण्याची, खोड मला कॉलेजपासूनची. वर्षाला सहा-सात वेळा, आणि दर वेळी आठ-दहा दिवस बासरी बंद. गेल्या कार्तिकापासून मी तीन गोष्टी नेमाने वापरते आहे: एसपीएफ 30 चा लिप बाम, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या आणि फोडावर चिकटवायची पातळ पारदर्शक पट्टी. आता जून संपत आलाय. सनई, क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजवणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांना हा त्रास नाही त्यांना वाटतं, एवढीशी पुटकुळी, त्यात काय. माझी पुटकुळी खालच्या ओठाच्या कडेला, मधल्या रेषेच्या थोडी डावीकडे येते. फुंकीचं भोक ओठावर टेकतं नेमकं तिथेच. बासरीत सूर निघतो तो दोन ओठांमधल्या बारीक फटीतून सुटलेली हवा भोकाच्या पलीकडच्या कडेवर आपटते म्हणून. ओठ एका बाजूने सुजला की ती फट वाकडी होते, हवा पसरते आणि सुराआधी फुसफुस ऐकू येते. मंद्रात, म्हणजे खालच्या सुरांत, कसंबसं निभावतं. तार सप्तकात, वरच्या सुरांत, ओठ ताणावे लागतात आणि तिथे खपली फाटते.

दोन वर्षांपूर्वी जत्रेतल्या एका नाटकात हेच झालं. सहावा दिवस होता, खपली धरली होती, मला वाटलं जमेल. दुसऱ्या अंकातल्या पदाला तार गंधारावर जाताना ओठ चिरल्याचं कळलं. पद पूर्ण केलं, बासरी खाली घेतली तेव्हा भोकाच्या कडेला रक्ताची बारीक रेघ होती आणि बांबूने ती शोषून घ्यायला सुरुवात केली होती. पुसली तरी डाग राहिला. त्या बासरीवर मी पुन्हा रंगमंचावर वाजवलेलं नाही.

त्याआधी कितीतरी महिने मी एक चुकीचं मलम लावत होते. ओळखीच्या एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेलं, ‘सगळ्यावर चालतं’ असं सांगून दिलेलं. त्यात स्टेरॉईड होतं हे नंतर कळलं. विषाणूच्या फोडावर नुसतं स्टेरॉईड लावलं की त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि फोड चिघळू शकतो. माझे फोड पसरत का होते, याचं उत्तर मला त्या ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मिळालं. याचा राग मला अजून आहे. कृपा करून ओठावर असं काही लावू नका.

शेवटी बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचा विभागात दाखवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावलं. हा हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू, पहिल्या प्रकारचा. घरात सगळे ‘हर्पीस म्हणजे नागीण’ म्हणून घाबरले होते, पण नागिणीचा विषाणू वेगळा, कांजिण्यांचा. हा बहुधा लहानपणीच कुणाच्या तरी पाप्यातून येतो, चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी जाऊन झोपतो आणि ऊन, ताप, जागरण, ताण, पाळी अशा निमित्ताने पुन्हा त्याच नसेवरून ओठावर उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 50 वर्षांखालच्या सुमारे 380 कोटी लोकांच्या, म्हणजे 64 टक्के लोकांच्या अंगात तो आहे. हे ऐकून मला किती हलकं वाटलं सांगू! इतकी वर्षं मी तोंडावर ओढणी धरून फिरत होते.

आता गोळ्यांविषयी. माझ्या चिठ्ठीवर एका दिवसाचा कोर्स आहे: 2 ग्रॅम, आणि 12 तासांनी पुन्हा 2 ग्रॅम. बस. पण त्या घ्यायच्या पहिल्या चाहुलीला, फोड दिसायच्या आधी. ती चाहूल ओळखायला मला एक सबंध खेप वाया घालवावी लागली. डिसेंबरात संध्याकाळी ओठ किंचित खाजला, वाटलं डास चावला असेल. रात्री झोपले, सकाळी तीन टपोऱ्या पुटकुळ्या. गोळ्या तेव्हा घेतल्या आणि नऊ दिवस गेले, म्हणजे जवळपास नेहमीइतकेच.

माघात मंगेशीच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तसंच. दुपारी शिकवताना ओठावरून मुंगी चालल्यासारखं झालं, जिभेने चाचपलं तर त्या जागेला बारीक ठणका. या वेळी गोळ्या बासरीच्या पिशवीतच होत्या. दहा मिनिटांत घेतल्या. रात्री ओठ थोडा जड, सकाळी तांदळाच्या दाण्याएवढी लाली, आणि पुढे फोड आलाच नाही. पाचव्या दिवशी मी वाजवत होते. मे महिन्यात तिसरी खेप, पाळी आणि जागरण एकत्र आलं होतं. एकच लहान फोड, सहा दिवस. गोळ्यांनी सरासरी एखादाच दिवस वाचतो असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे माघातल्या खेपेचं सगळं श्रेय मी गोळ्यांना देत नाही. पण वेळेवर घेण्याने फरक पडतो हे माझ्या ओठाने मला दाखवलंय. दोन्ही डोसांच्या दिवशी डोकं दुखतं, पाणी भरपूर प्यावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी वापरू नका. रोज एक छोटी गोळी घेण्याचाही पर्याय होता. आम्ही आधी ऊन सांभाळून पाहायचं ठरवलं.

असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं 5 टक्क्यांचं मलम मी त्याआधी दोनदा वापरलं होतं. दिवसातून पाच वेळा लावायचं. नुकसान काही नाही, फायदाही मला जाणवला नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठं काम केलं ते बामने. माझ्या जुन्या डायरीत लग्नांच्या तारखा आणि फोडांच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर थंडीतले बहुतेक फोड किनाऱ्यावर वाजवल्यानंतर दोन-चार दिवसांत आलेले. बाणावलीला दुपारी चार वाजता, तोंड समुद्राकडे, दीड तास वाजवायचं. ऊन वरून येतंच, शिवाय कोरडी वाळू सुमारे 15 टक्के अतिनील किरण परत फेकते. टोपी घातली तरी बासरी वाजवताना मान अशी असते की खालचा ओठ उन्हाला सोडलेलाच. या मोसमात अशी अकरा लग्नं वाजवली, बाम लावून. नंतर फोड आला तो एकदाच, डिसेंबरात.

बामचा दोषही सांगते. ओठ बुळबुळीत होतो आणि बासरी घसरते. हार्मोनियमच्या पांढरी तीन या सुराची लांब बासरी जड, ती तर दोन आलापांत भोकावरून सरकते. पहिल्या लग्नात मी वाजवता वाजवता घामेघूम झाले. आता वाजवण्याआधी वीस मिनिटं बाम लावते, मग खालच्या ओठाची फक्त टेकणारी जागा कोरड्या सुती रुमालाने एकदाच टिपते. घासत नाही. दर मध्यंतरात पुन्हा लावते. रंग आणि पुदिन्याचा गारवा असलेला बाम एकदा घेतला होता, त्याने ओठ चुरचुरला. वास नसलेला, साधाच घ्या. दोन ट्यूब संपल्या, तिसरी चालू आहे.

पट्टीबद्दल थोडक्यात: वाजवताना निरुपयोगी. फुंकीच्या ओलाव्याने दहा-पंधरा मिनिटांत कड सुटते. रात्री झोपताना आणि बसने जाताना चांगली, हात लागत नाही. ते महत्त्वाचं आहे, कारण फोडाचा हात डोळ्याला लागला तर बुबुळालाही हा विषाणू धरू शकतो.

खपलीच्या दिवसांत आईचा कोकमाच्या तेलाचा गोळा कामी आला. बोटाच्या उबेने वितळवून दिवसातून तीन-चारदा लावते. विषाणूवर त्याचा परिणाम नाही, उन्हापासूनही तो वाचवत नाही, पण खपली मऊ राहते आणि हसताना फाटत नाही. फोड ओला असताना मात्र लावत नाही, आणि त्या गोळ्यात बोट बुडवत नाही, चमच्याने काढून घेते.

सगळ्यात जास्त बदललं ते माझं शिकवणं. आमच्यात रीत अशी की मुलाला सूर लागेना की ताई त्याचीच बासरी घेते, वाजवून दाखवते आणि परत देते. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. फोड नसतानाही हा विषाणू लाळेतून अधूनमधून बाहेर पडतो हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला. माझ्याकडे नऊ वर्षांची मुलं येतात. ज्यांच्या अंगात तो अजून गेलेला नाही अशा लहान मुलांना पहिल्या खेपेला ताप, हिरड्या सुजणं, तोंडभर फोड असं होऊ शकतं. आता माझी बासरी माझी, त्यांची त्यांची. पालकांना कारणही सरळ सांगितलं. एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘ताई, माझ्याही ओठावर येतं, मग मी लेकीची पापी घेऊ नको?’ फोड असेल तेवढे दिवस नको, एवढंच सांगितलं.

फोडाच्या दिवसांसाठी एक स्वस्त, वेगळी बासरी ठेवली आहे. तीही पूर्ण वाळेपर्यंत ओठाला लावत नाही. तोवर तानपुरा लावून सरगम गाते आणि फुंक न मारता बोटांचा रियाज करते. बरं झाल्यावर फुंकीच्या भोकाभोवती स्पिरिटचा बोळा फिरवते, सावलीत वाळवते आणि बांबू कोरडा पडू नये म्हणून तेलाचा हात देते. उकळत्या पाण्यात बासरी घालू नका, तडकते.

श्रावणात वास्कोच्या भजनी सप्ताहाला दोन बैठकी आहेत. गोळ्यांची तारीख कालच तपासली, संपत आली होती, नवीन चिठ्ठी आणली. मंडळाच्या काकांनाही आधीच सांगून ठेवलंय की ओठ उठला तर त्या दिवशी मी टाळ घेऊन बसेन. ते म्हणाले, ‘बरं बाई, आधी सांगितलंस ते बरं केलंस,’ आणि बासरीसाठी आणखी एका मुलाला विचारून ठेवलं.