नव्या हेड ऑफिसात चौदा महिने: मधला जिना, चहाचं मशीन आणि बाकीचं

आमचं नवं हेड ऑफिस सुरू झालं त्या आठवड्यात सगळ्यांनी त्याचे फोटो स्टेटसला ठेवले होते, मीपण. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आता तिथे चौदा महिने काढलेत. दोन पावसाळे, दोन गणपती आणि एक एप्रिल, ज्याबद्दल खाली लिहिलंय. ओळखीतल्या आणखी दोन कंपन्या असंच काहीतरी बांधायच्या विचारात आहेत आणि "कसं आहे गं तुमचं ऑफिस?" याचं उत्तर फोनवर देऊन देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर.

कंपनीचं नाव घेत नाही, नोकरी टिकवायचीय. पाण्याच्या पंपिंग स्टेशनला लागणारी कंट्रोल पॅनेल आम्ही बनवतो. मी सर्व्हिसला आहे, म्हणजे पॅनेल बंद पडलं की ज्यांना शिव्या बसतात त्यांच्यातली. आधी डिझाइन कोथरूडला, अकाउंट्स आणि साहेब लोक शिवाजीनगरला आणि आम्ही भोसरीला कारखान्याच्या आवारात. डिझाइनवाल्यांना मी सहा वर्षं फक्त मेलवरून ओळखत होते. नवी इमारत बाणेरच्या पुढे, तळमजला आणि वर तीन मजले. सगळ्यांना एका छताखाली आणायचं, म्हणजे ते एकमेकांशी बोलतील, हा उद्देश. कारखाना मात्र भोसरीलाच राहिला. हे लक्षात असू द्या.

राहायला जाण्याआधी आर्किटेक्टनी आम्हाला दीड तास प्रेझेंटेशन दिलं. त्यातली एक गोष्ट मला तेव्हा पटली आणि अजून पटते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकात संशोधन करणाऱ्या इंजिनिअरांचा अभ्यास केला, कोण कुणाशी कितीदा बोलतं आणि त्यांच्या टेबलांमध्ये अंतर किती. त्यांचा आलेख असा: अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं घटतं, आणि पन्नासेक मीटरच्या पलीकडे गेलं की माणूस शेजारच्या इमारतीत आहे की दुसऱ्या गावात, यानं फारसा फरक पडत नाही. अ‍ॅनिमेशनचे सिनेमे करणाऱ्या पिक्सारचंही उदाहरण झालं, ते नसेल तर अशी प्रेझेंटेशनं पास होत नसावीत. कॅलिफोर्नियात एमरीव्हिलला २००० साली उघडलेल्या त्यांच्या इमारतीत तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांना स्वच्छतागृहं फक्त मधल्या मोठ्या दालनातच हवी होती, म्हणजे जाता-येता लोक भेटतील. लोकांना ते मानवलं नाही आणि शेवटी दुसरीकडेही करावी लागली. हे ऐकताना आमच्या साहेबांनी जरा जास्तच मान हलवली, तेव्हा बायकांच्या रांगेतून एक खणखणीत खोकला आला. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर आहेत.

आता वापराबद्दल.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे मधला जिना. आत शिरलं की समोर तोच, लिफ्ट कोपऱ्यात, शोधावी लागते. जिना रुंद आहे, पायऱ्या बुटक्या, दम लागत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर खिडकीला लागून कमरेएवढा लाकडी कट्टा आहे. तो कट्टा नाहीच, आतून एसीचा डक्ट गेलाय तो झाकलाय, हे मला नंतर कळलं. चौदा महिन्यांतलं माझं सगळ्यात कामाचं बोलणं त्या डक्टवर कोपर टेकून झालंय. वर जाणारा थांबतो, खाली येणारा थांबतो, हातातला लॅपटॉप कट्ट्यावर टेकतो आणि दोन मिनिटांची दहा होतात. कुणी कुणाला बोलावलेलं नसतं, त्यामुळे "चला, येते" म्हणून केव्हाही सुटता येतं. मीटिंगमधून असं सुटता येत नाही.

फक्त जिन्याचं कौतुक करताना एक विसरू नये. आमच्या अकाउंट्समधले एक काका कुबडी वापरतात. ते रोज कोपऱ्यातल्या लिफ्टनं एकटे वर जातात, एकटे खाली येतात. "तुम्हाला सगळं जिन्यात कळतं, मला सर्क्युलर निघाल्यावर," असं ते एकदा हसत म्हणाले. लिफ्ट जिन्याला चिकटून ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

तळमजल्यावर काचेच्या छताखाली मोठा मोकळा भाग आहे. प्लॅनवर त्याचं नाव 'चौक', वाड्यावरून घेतलेलं. रंगीत सोफे, झोपाळा, कुंड्या, बसायला पायऱ्या-पायऱ्यांचं स्टेडियम. मी शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढले. अकरा बिऱ्हाडं आणि चौकात एक नळ. त्या चौकात कोणी कनेक्ट व्हायला येत नव्हतं, पाणी भरायला येत होतं. बादली भरेपर्यंत दुसरं काय करणार? बोलायचं. घरोघरी नळ आले आणि चौकात फक्त स्कूटर उरल्या. आमच्या ऑफिसच्या चौकात झोपाळा आहे, नळ नाही. कामाच्या वेळी साहेबांच्या देखत झोपाळ्यावर बसायची कुणाची छाती आहे? टाउनहॉल, म्हणजे सगळ्या कंपनीची सभा, आणि गणपतीची आरती सोडली तर तिथे कुरियरवाले बसतात. आरतीला मात्र पायऱ्या खच्चून भरतात, खोटं कशाला बोलू. आणि त्याआधीचे पंधरा दिवस डेकोरेशनच्या कमिटीत पर्चेस, डिझाइन, सर्व्हिस सगळे थर्माकोलच्या बंदीवर पर्याय शोधत पुठ्ठे कापत बसतात, त्यातून झालेल्या ओळखी वर्षभर पुरतात.

नळ होता तो दुसऱ्या मजल्यावर. सुरुवातीला अख्ख्या इमारतीत चहाची पँट्री एकच होती, तिथे. मशीन नाही, एक मामा गॅसवर आलं घालून करायचे, अकराला आणि चारला. तिसऱ्या मजल्यावरचे आम्ही महिनाभर कुरकुर केली, चहासाठी मजला उतरायचा म्हणजे काय! पण उतरत होतो. रांगेत उभं राहावं लागे, कारण मामा घाई करत नसत.

तिथे एकदा मी सोलापूरकडच्या एका साइटवरून आलेल्या फोनबद्दल वैतागून बोलत होते. पॅनेलमध्ये केबल खालून येते, ग्लँड प्लेटमधून, म्हणजे तळाच्या भोकं पाडलेल्या पत्र्यातून. जाड आर्मर्ड केबल, ती आत आल्यावर वळवून टर्मिनलला जोडायची. आमच्या एका मॉडेलमध्ये टर्मिनलची पट्टी ग्लँड प्लेटच्या इतकी जवळ होती की केबल वळायला जागाच नाही. साइटवरचे इलेक्ट्रिशियन ती गुडघा लावून दाबायचे, टर्मिनलवर ताण यायचा, काही महिन्यांत जोड ढिला, मग गरम, मग जळका वास आणि मग मला फोन. तीन वर्षं आम्ही टर्मिनल बदलून देत होतो. माझ्यापुढे उभा असलेला चष्मेवाला मुलगा वळून म्हणाला, "मॅडम, ते ड्रॉइंग माझं आहे. कुणी सांगितलंच नाही." मी म्हटलं, "अरे, दर महिन्याला रिपोर्ट पाठवतो आम्ही." तो म्हणाला, "रिपोर्टमध्ये 'टर्मिनल फेल्युअर' असतं. गुडघा नसतो." पुढच्या लॉटला पट्टी ७५ मिलीमीटर वर सरकली. तेव्हापासून त्या मॉडेलचा तसा एकही फोन मला आलेला नाही. इमारतीच्या खर्चातला काही हिस्सा त्या एका कपात वसूल झाला असं मी मानते.

सहाव्या महिन्यात कर्मचाऱ्यांच्या मागणीला मान देऊन प्रत्येक मजल्यावर चहा-कॉफीचं मशीन बसवलं. बटण दाबा, अर्ध्या मिनिटात कप भरतो. मामांना कॅन्टीनमध्ये घेतलं. त्या चष्मेवाल्याला मी आता महिन्यातून एकदा पाहते.

मोकळ्या हॉलबद्दल थोडक्यात. पार्टिशन नाहीत, कुणाची ठरलेली जागा नाही. दुसऱ्याच आठवड्यात लोक एसटीसारखा रुमाल टाकून जागा धरायला लागले. आता रुमालाऐवजी डबा असतो, पण जागा ठरलेल्याच. मी दिवसभर फोनवर. पलीकडे सांगलीचा ऑपरेटर मोटरच्या आवाजात ओरडतोय, इकडे मी ओरडतेय, आणि आजूबाजूचे सहा जण कानाला हेडफोन लावून माझ्याकडे बघत नाहीत. भिंती काढल्या की लोक बोलतात हा समज मोठा आहे. हार्वर्डचे इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या अशा मोकळ्या हॉलमध्ये जाण्याआधी आणि गेल्यानंतर लोकांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं होतं. २०१८ साली छापून आलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं, मेल आणि मेसेज वाढले. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये ही स्लाइड नव्हती.

फोनसाठी बूथ आहेत, मजल्याला दोन. दार लावलं की आवाज बंद, हवाही बंद. आतला दिवा हालचालीवर चालतो, त्यामुळे शांत बसून ऐकत राहिलं की अंधार, मग हात हलवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला मी ग्राहकाशी बोलता बोलता कुणाला तरी टाटा करतेय असं वाटतं. मीटिंग रूमना किल्ल्यांची नावं आहेत. राजगड आणि तोरणा कायम बुक, सिंहगड मिळाला तर गड आला पण प्रोजेक्टर गेला.

पश्चिमेची पूर्ण बाजू काचेची आहे. बाहेरून भारदस्त दिसते. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर तिथे बसून दाखवा. एसी २४ वर, तरी डावा दंड भाजतो आणि स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं. मार्चमध्ये पडदे ओढले ते जून उलटेपर्यंत कुणी उघडले नाहीत, म्हणजे काच आहे पण दिसत काही नाही. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचं हडपसरचं 'वन अर्थ' हे ऑफिस मी एकदा कामानिमित्त पाहिलं होतं, आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी केलेलं. बसक्या इमारती, मध्ये अंगणं आणि पाणी, उन्हाला आडवी येणारी लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची जाळी. पुण्यातच होतं, बाणेरहून जाऊन बघता आलं असतं.

पण इमारतीवर सगळं ढकलणं बरोबर नाही. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं असा नियम आहे. गर्दी होऊ नये म्हणून दिवस वाटून दिलेत, सर्व्हिस सोमवार ते बुधवार, डिझाइन बुधवार ते शुक्रवार. म्हणजे ज्या दोन विभागांना भेटवण्यासाठी एवढं बांधलं, ते फक्त बुधवारी इमारतीत एकत्र असतात. बुधवारी पार्किंगला जागा नसते, राजगड-तोरण्याला जागा नसते आणि वैतागलेले लोक डबे घेऊन फिरत असतात. हे दिवस कुणी ठरवले माहितीये? पार्किंगच्या हिशेबानं अ‍ॅडमिननं.

आणि भोसरी. पूर्वी काही अडलं की मी उठून शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात पॅनेल बनतात तिथे, जायचे. वायरिंग करणारे जुने लोक पॅनेलचं दार उघडून बोटानं दाखवायचे, "ताई, हे इथे घासतं बघा." आता मी त्यांना फोन करते, ते फोटो पाठवतात, फोटोत बोट असतं पण नेमकी ती जागा अंधारात. डिझाइनवाले जवळ आले, शॉप लांब गेलं. अ‍ॅलनसाहेबांचा आलेख दोन्ही बाजूंनी चालतो. दर गुरुवारी भोसरीला बसते म्हणून मी अर्ज दिलाय. चार महिने झाले, "पॉलिसी बघतो" चाललंय.

कॅन्टीन चांगलं आहे, हे सांगायला हवं. लांब बाकं आहेत, चौघांची सुटी टेबलं नाहीत, त्यामुळे अनोळखी माणसाच्या शेजारी बसावंच लागतं, आणि शेजारच्याच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी असेल तर ओळख व्हायला वेळ लागत नाही. पहिले तीन महिने डायरेक्टरही तिथेच जेवायचे. मग त्यांची ताटं वर जायला लागली. हाउसकीपिंगच्या मावश्या मात्र पहिल्या दिवसापासून तळघरात मीटर रूमच्या बाजूला जेवतात. त्यांना कुणी मनाई केलेली नाही. कुणी बोलावलेलंही नाही. एकदा मी एका मावशींना वर चला म्हटलं तर म्हणाल्या, "तिथं खुर्च्या आम्हीच पुसतो ना ताई, बसवत नाही."

गेल्या महिन्यात फॅसिलिटीवाल्यांचा फॉर्म आला, वर्ष झालं, सूचना द्या. लोकांनी टेबल टेनिस, बीन बॅग, झोपायची खोली असं बरंच मागितलंय. मी एकच ओळ लिहिली: तिन्ही मजल्यांवरची मशीन काढा, मामांना परत दुसऱ्या मजल्यावर आणा. नाव न घालता द्यायची सोय होती, पण मी घातलं.

प्रयोग म्हणून आधी आमच्याच मजल्यावरचं मशीन काढायचं ठरलंय, एक तारखेपासून. कुणाच्या सूचनेवरून ते सर्क्युलरमध्ये नावानिशी छापलंय. माझ्या रांगेतले चार जण सोमवारपासून माझ्याशी बोलत नाहीत.