जुन्या इंजिनात साधे निकेल स्पार्क प्लग: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी जुनी, चार सिलिंडरची, कार्ब्युरेटर आणि कॉन्टॅक्ट पॉइंट्सवाली (म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा जुना यांत्रिक स्विच असलेली). पुस्तिकेत चॅम्पियन कंपनीचा एन९वायसी हा स्पार्क प्लग दिलाय. त्याच्या तोडीचा एनजीके कंपनीचा बीपी६ईएस हा साधा निकेलचा प्लग घातला, आणि गेले कित्येक महिने तोच चालतोय. अशा इंजिनाला यापेक्षा महाग प्लग लागत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

निवडताना गोंधळ होतो तो हीट रेंजच्या, म्हणजे प्लग किती गरम राहतो हे सांगणाऱ्या आकड्याचा. थंड प्लग उष्णता लवकर बाहेर टाकतो, गरम प्लगचं टोक जास्त तापतं. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियन आणि बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. त्यामुळे नऊच्या जागी सहा दिसला म्हणून दचकू नका. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की काजळी आपोआप जळून जाते. ८०० च्या पुढे गेलं की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायचा धोका. आट्यांची लांबीही बघून घ्या. एनजीकेच्या नावातला 'ई' म्हणजे १९ मिमी, 'एच' म्हणजे १२.७. आखूड प्लगच्या जागी लांब बसवला तर पिस्टन त्यावर आदळू शकतो.

याआधी इरिडियमचे वापरले होते. थंड इंजिन जरा लवकर पेटायचं हे खरं, कारण बारीक टोकाला ठिणगीसाठी कमी व्होल्टेज पुरतं. पण त्यांचा खरा फायदा दीर्घ आयुष्याचा, आणि जुन्या गाडीचे प्लग आपण अधूनमधून काढून बघतोच. चोकवर (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देऊन) गाडी चालली की तेही काळे पडतात, वर ते नाजूक टोक तारेच्या ब्रशने घासता येत नाही. निकेलचा प्लग पुसला, गॅप (ठिणगी पडते ती दोन टोकांमधली फट) लावली, परत बसवला, काम झालं.

गॅप मी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाने) ०.६४ मिमी ठेवतो, पुस्तिकेत आहे तेवढीच. नव्या प्लगचीही मोजूनच घ्या. पॉइंट्सवर चालणाऱ्या कॉइलचा, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाचा, जोर बेताचा. गॅप वाढली की चढावर, भरल्या गाडीत मिसफायर (मधूनच ठिणगी चुकणं) सुरू. रेडिओत खरखर येत असेल तर यातलाच 'आर'वाला, म्हणजे रेझिस्टरचा बीपीआर६ईएस घ्या.

मला हे प्लग सगळ्यात जास्त आवडले ते काढून बघताना. तीन प्लगची टोकं फिकट राखाडी-तपकिरी, कोरडी. चौथ्याचं मात्र काळं, ओलसर, बोटाला तेल लागणारं. तो प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहिला, तर तिथे तो स्वच्छ झाला आणि चौथ्यात गेलेला चांगला प्लग तेलकट झाला. म्हणजे दोष प्लगचा नव्हताच. व्हॉल्व्हचे सील कडक होऊन तेल आत उतरत होतं. सील बदलल्यावर चारही प्लग एका रंगाचे निघाले. (जुन्या पुस्तकांतल्या गडद तपकिरी चित्रांशी रंग जुळवू नका, ती शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली. आताच्या पेट्रोलवर चांगला प्लगही फिकाच दिसतो.)

गाडी नेहमी जवळच्या जवळच फिरत असेल आणि टोकं कोरडी काळी पडत असतील, तर आधी चोक आणि कार्ब्युरेटर तपासा. ते ठीक असेल तर एक पायरी गरम, म्हणजे बीपी५ईएस घालून बघा. लांब पल्ल्याला भरधाव निघण्याआधी मात्र परत सहा नंबरच.